निरोप, निरोप्या आणि अवतरणचिन्ह

शुद्धलेखनाचा तास हा शाळेतला एक गंभीर तास समजला जातो. परंतु कधी कधी त्याच तासाला वर्गात हशा पिकतो. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक नवा विद्यार्थी आला. मी नेहमीच्या पद्धतीने उतारा सांगत होतो. "सूर्य उगवला, स्वल्पविराम, पक्षी किलबिलू लागले, पूर्णविराम," असे सावकाश उच्चारीत मी बाकांमधून फिरत होतो. वह्या तपासावयास घेतल्या तेव्हा असे आढळले की, त्या मुलाने 'स्वल्पविराम' आणि 'पूर्णविराम' हे दोन्ही शब्द सुवाच्य अक्षरांत उताऱ्यामध्येच लिहून ठेवले होते. मुले हसली. मला मात्र त्याला बोल लावता आला नाही. विचार करू लागलो तेव्हा ध्यानात आले की चूक त्याची नव्हतीच. माझ्या एकाच आवाजातून दोन प्रकारचे शब्द बाहेर पडत होते. काही शब्द जसेच्या तसे उतरून घ्यावयाचे होते, तर काही शब्द आज्ञा म्हणून पाळावयाचे होते. कोणता शब्द कोणत्या प्रकारचा, हे सांगणारी खूण माझ्या आवाजात नव्हती. इतर मुले ती सवयीने जाणत होती, इतकेच.

पाळावयाची आज्ञा आणि पोचवावयाचा मजकूर एकाच वाटेने जाऊ लागले म्हणजे त्यांची ताटातूट कशी करावी, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. वैयाकरणांनी त्याचा विचार केला, तर्कशास्त्रज्ञांनी केला आणि आपल्या काळात संगणकाची यंत्रणा उभारणाऱ्यांना तर त्याने पुरते जेरीस आणले. आजच्या भाषणात या प्रश्नाचा इतिहास मी थोडक्यात सांगणार आहे.

आपल्या देशात या विषयाची जाण फार जुनी आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीतील पहिल्या अध्यायाच्या पहिल्या पादात अडुसष्टावे सूत्र आहे. व्याकरणशास्त्रात एखादा शब्द आला असता, तो पारिभाषिक संज्ञा नसेल तर त्याने स्वतःचेच रूप समजावे, त्याचा अर्थ समजू नये, असा त्याचा आशय आहे. पतंजलीने महाभाष्यात यावर मार्मिक विवेचन केले आहे. 'अग्नी'ला अमुक प्रत्यय लावा असे सांगितले, तर तो प्रत्यय काही कोणी पेटत्या निखाऱ्याला लावू शकत नाही! तो लागतो 'अग्नि' या शब्दाला. दुसऱ्याचे बोलणे संपले हे दर्शविण्यासाठी संस्कृताने 'इति' हा शब्द योजला, तर मराठीने 'असे' आणि 'म्हणून' हे शब्द पत्करले. 'येतो म्हणून गेला तो परत आलाच नाही,' या वाक्यातील 'येतो' हा शब्द कोणाचा, हे आपल्याला चिन्हावाचून कळते. कारण 'म्हणून' हा शब्द येथे कुंपणासारखा उभा आहे.

पाश्चात्त्य परंपरेत हे काम खुणांनी केले. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया येथे होमरच्या काव्याची चिकित्सा करणाऱ्या अॅरिस्टार्कस या पंडिताने समासात कोनासारखी खूण घालण्याची पद्धत वापरली. पुढे सातव्या शतकात सेव्हिलचा बिशप इसिडोर याने नमूद केले आहे की, धर्मग्रंथातील वचने निराळी दिसावीत यासाठी लेखक हीच खूण योजतात. मुद्रणकला आल्यावर समासातील ही खूण हळूहळू ओळीत शिरली आणि तिच्या दोन आकृती रूढ झाल्या. एक आकृती उघडणारी आणि दुसरी मिटणारी. मराठीत विरामचिन्हांची शिस्त इंग्रजी मुद्रणाच्या संगतीने आली. मेजर थॉमस कँडी यांनी १८५० साली विरामचिन्हांच्या परिभाषेवर लहानसे पुस्तक प्रसिद्ध केले, ही गोष्ट मराठी शिकविणाऱ्यास परिचित आहे.

अवतरणचिन्हाचे तात्त्विक महत्त्व तर्कशास्त्रज्ञांनी ओळखले. गोवा समुद्रकाठी आहे आणि 'गोवा' दोन अक्षरी आहे, ही दोन विधाने पाहा. पहिल्यात आपण शब्द वापरला. दुसऱ्यात शब्दाविषयी बोललो. चिन्ह गाळले तर प्रदेशच दोन अक्षरी ठरेल! जर्मन तर्कवेत्ता फ्रेगे याने १८९३ च्या आपल्या ग्रंथात हा भेद कटाक्षाने पाळला, आणि अमेरिकन तत्त्वज्ञ क्वाइन याने १९४० मध्ये त्याची सविस्तर मांडणी केली. तोवर हा केवळ विद्वानांचा विषय होता. चिन्ह चुकले तरी वाचणारा मनुष्य असे आणि मनुष्य समजून घेई. त्यानंतर मात्र समजून न घेणारा वाचक जन्माला आला. तो म्हणजे संगणक होय.

संगणकाला जी कामे सांगावयाची ती एका कृत्रिम भाषेत लिहून द्यावी लागतात. तीत आज्ञाही असतात आणि जसाच्या तसा छापावयाचा मजकूरही असतो. १९५७ साली आयबीएम कंपनीत जॉन बॅकस व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलेल्या फोर्ट्रान या भाषेत यासाठी अवतरणचिन्ह नव्हतेच. मजकुराची अक्षरे मोजावयाची, तो आकडा आधी लिहावयाचा, त्यापुढे रोमन 'एच' हे अक्षर द्यावयाचे आणि मग मजकूर लिहावयाचा, अशी ती रीत होती. छिद्रपत्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या हर्मन हॉलरिथ यांचे आद्याक्षर त्यात गोवलेले होते. यंत्र मुकाट्याने तितकी अक्षरे मोजून घेई. त्यांत कोणतेही चिन्ह आले तरी त्याला फिकीर नसे. पण मोजणाऱ्या माणसाचा एक आकडा चुकला की यंत्र पुढील आज्ञेचे अक्षर गिळी, किंवा मजकुराचे अक्षर आज्ञा समजून बसे. माणसाला मोजण्याचा कंटाळा असतो. म्हणून १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फोर्ट्रान-७७ च्या मानकात मजकूर अपॉस्ट्रॉफीच्या दोन खुणांमध्ये बंद करण्याची सोय झाली, आणि मजकुरातच अपॉस्ट्रॉफी हवी असेल तर ती दोनदा लिहावी असा नियम ठरला.

दरम्यान १९६० साली दोन महत्त्वाच्या गोष्टी घडल्या. अल्गोल-६० या भाषेच्या अहवालात उघडणारे आणि मिटणारे अशी दोन निराळी अवतरणचिन्हे योजली होती. त्यामुळे अवतरणाच्या पोटात अवतरण सुखाने राहू शके. डब्याच्या पोटात डबा ठेवावा आणि कोणते झाकण कोणत्या डब्याचे हे आकृतीवरून ओळखावे, तसे ते होते. त्याच वर्षी जॉन मॅकार्थी यांनी लिस्प या भाषेवरील आपला प्रसिद्ध निबंध छापला. त्यात 'क्वोट' ही एक स्वतंत्र रचनाच होती. तिच्यात ठेवलेले शब्द पाळावयाचे नसून जसेच्या तसे घ्यावयाचे असतात, असे ती यंत्राला सांगे. आपल्या 'इति'चीच ही सख्खी बहीण होय.

परंतु कळफलकाची व्यवस्था निराळी होती. टंकलेखन यंत्रावर कळा मोजक्या असतात. म्हणून उघडण्यास व मिटण्यास एकच उभी खूण वापरण्याची काटकसर तेथे पूर्वीच रूढ झाली होती. १९६३ मध्ये अमेरिकेत 'अॅस्की' नावाचे चिन्हांचे मानक ठरले, तेव्हा दुहेरी अवतरणाची ही एकच खूण त्यात कायम झाली. परिणामी, खूण दिसली म्हणजे दार उघडले की मिटले, हे तिच्या आकृतीवरून समजेना. त्याच मानकात बॉब बेमर यांच्या खटपटीने एक उलटी तिरपी रेघ आली. तिला बॅकस्लॅश म्हणतात. माझ्यापुढील चिन्ह विशेष अर्थाने घेऊ नका, हे सांगण्याचे काम पुढे अनेक भाषांनी तिच्याकडे सोपविले. पण मग ती रेघ स्वतःच मजकुरात हवी असेल तर काय करावे? तर ती दोनदा लिहावी. या साध्या नियमात पुढील सारी डोकेदुखी लपलेली होती.

ही डोकेदुखी उफाळून आली ती एका भाषेने दुसऱ्या भाषेला आज्ञा पोचविण्याची पाळी आली तेव्हा. मनुष्य टंकित करतो त्या आज्ञा वाचून यंत्राकडून काम करवून घेणाऱ्या आज्ञावलीला 'शेल', म्हणजे कवच, हे नाव फ्रेंच संगणकतज्ज्ञ लुई पूझाँ यांनी १९६४-६५ च्या सुमारास दिले. पुढे बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही यंत्रणा घडविली, आणि १९७९ मध्ये तिच्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बोर्न यांचा शेल बाहेर पडला. त्याचे अवतरणाचे नियम आजही चालू आहेत. एकेरी चिन्हांतील मजकुराला शेल मुळीच हात लावीत नाही. दुहेरी चिन्हांत मात्र तो काही खुणांचा अर्थ लावतो. उदाहरणार्थ, डॉलरची खूण दिसली की पुढील नावाच्या जागी तो त्याचे मूल्य भरतो. एकेरी चिन्हांत बॅकस्लॅशदेखील निष्प्रभ असल्यामुळे तेथे अपॉस्ट्रॉफी घालण्याचा सरळ मार्गच नाही. आधीचे अवतरण मिटवावे, बाहेर बॅकस्लॅश देऊन अपॉस्ट्रॉफी लिहावी आणि पुन्हा नवे अवतरण उघडावे, असा द्राविडी प्राणायाम करावा लागतो.

युनिक्सचे वैशिष्ट्य असे की तिच्यात लहान लहान भाषा एकमेकींना हाका मारीत असतात. सी भाषेतील आज्ञावली शेलला एक ओळ पाठविते. ती ओळ वाचून शेल १९७७ मध्ये जन्मलेल्या ऑक या भाषेला हाक मारतो. ऑकही आपल्या परीने अवतरणे वाचतो. एकच लिफाफा तीन निरोप्यांच्या हातून जातो आणि प्रत्येक निरोप्या एक आवरण फोडून पुढे देतो, असे समजा. शेवटच्या माणसाला बंद लिफाफा मिळावयाचा असेल तर पाठविणाऱ्याने आरंभीच तितकी आवरणे घातली पाहिजेत. दोन बॅकस्लॅश घेऊन एक पुढे देणारा वाचक वाटेत एक असेल तर दोन लिहाव्यात. दोन वाचक असतील तर चार, तीन असतील तर आठ. एका रेघेसाठी आठ रेघा! आणि मध्ये एखादा निरोप्या वाढला किंवा कमी झाला की सारा हिशेब फसला.

दुसऱ्या गावच्या यंत्राला आज्ञा पाठविताना तर हे विशेष जाणवते. १९८३ च्या सुमारास बर्कलेच्या युनिक्समध्ये दूरच्या यंत्रावर आज्ञा चालविण्याची सोय झाली, आणि १९९५ मध्ये फिनलंडच्या तातू यूलेनेन यांनी तिची सुरक्षित आवृत्ती, एसएसएच, तयार केली. या सोयीत आपल्या आज्ञेचे सुटे शब्द रिकाम्या जागा घालून पुन्हा एका ओळीत जोडले जातात आणि पलीकडचा शेल ती ओळ नव्याने वाचतो. म्हणजे आपण घातलेली अवतरणचिन्हे घरच्या शेलनेच काढून घेतलेली असतात. पलीकडे पोचतो तो उघडा मजकूर. ज्या नावात मध्ये रिकामी जागा आहे त्याचे तेथे दोन तुकडे होतात.

श्रोतेहो, हे सारे तंत्रज्ञांचे गाऱ्हाणे आहे, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. मीही तसेच म्हणत होतो. पण आमच्या समाजात डिसोझा, डिमेलो, डिसिल्वा अशी आडनावे आहेत आणि रोमन लिपीत त्यांतील पहिल्या 'डी'नंतर पुष्कळदा अपॉस्ट्रॉफी लिहितात. माझ्या एका विद्यार्थिनीचा अर्ज संगणकावर भरताना एका कार्यालयातील यंत्राने ते चिन्ह नाकारले. तेथील लेखनिकाने चिन्हाच्या जागी रिकामी जागा सोडली. दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्याने नाव जोडून लिहिले. जन्मदाखल्यावर चिन्ह होतेच. पुढे प्रवेशाच्या वेळी तीन कागदांवर तीन नावे निघाली आणि ही तिन्ही नावे एकाच मुलीची असे प्रतिज्ञापत्र तिच्या वडिलांना करावे लागले. वडिलांनी मला विचारले, "मास्तर, आमच्या नावात असे काय वाईट आहे की यंत्राला ते सोसत नाही?" त्या प्रश्नाचे उत्तर तेव्हा मला देता आले नाही. आता देता येईल असे वाटते.

कार्यालयांतील नोंदींचे संग्रह बहुधा एसक्यूएल नावाच्या भाषेने हाताळले जातात. आयबीएममध्ये चेंबरलिन आणि बॉइस यांनी १९७४ मध्ये तिचा आरंभ केला. या भाषेत मजकूर अपॉस्ट्रॉफीच्या दोन खुणांत बंद करतात. अर्ज घेणारी आज्ञावली दुसऱ्याच भाषेत लिहिलेली असते. ती अर्जातील नाव उचलते, आपल्या आज्ञेच्या मध्ये चिकटविते आणि ती ओळ एसक्यूएलकडे पाठविते. नावातच अपॉस्ट्रॉफी असेल तर यंत्र समजते की नाव 'डी'पाशीच संपले. उरलेल्या अक्षरांना ते आज्ञा समजते. सरळ मनुष्याच्या बाबतीत येथे नुसता घोटाळा होतो. कपटी मनुष्य मात्र नावाच्या रकान्यात मुद्दाम अपॉस्ट्रॉफी देऊन पुढे स्वतःच्या आज्ञा लिहितो आणि यंत्र त्या पाळते. या धोक्याचे जाहीर विवेचन १९९८ मध्ये जेफ फॉरिस्टल यांनी 'फ्रॅक' या नियतकालिकात केले. तरीही २०१५ मध्ये इंग्लंडच्या टॉकटॉक या दूरध्वनी कंपनीतून याच मार्गाने १,५६,९५९ ग्राहकांची माहिती चोरीस गेली, आणि २०१६ मध्ये तेथील माहिती आयुक्तांनी कंपनीला ४ लाख पौंड दंड केला.

यावर पहिला उपाय सुचला तो सर्वांना सरसकट वेसण घालण्याचा. पीएचपी या भाषेत बाहेरून आलेल्या मजकुरातील प्रत्येक अवतरणचिन्हापुढे आपोआप बॅकस्लॅश घालण्याची सोय केली गेली. हेतू चांगला होता. पण मजकूर कोणत्या भाषेकडे जाणार हे न पाहताच ही वेसण घातली जाई. त्यामुळे अनेक ठिकाणी माणसांची नावे बॅकस्लॅशसकट छापली जाऊ लागली. अखेर २०१२ मध्ये ही सोय भाषेतून काढून टाकण्यात आली. दुसरा उपाय म्हणजे चिन्हच नाकारणे. माझ्या विद्यार्थिनीच्या वाट्याला आला तो हा उपाय. अर्ज घेणाऱ्याला निरोप नीट बांधता येत नाही, म्हणून निरोप देणाऱ्याने आपले नाव बदलावे, असा हा न्याय आहे.

खरा उपाय निराळा आणि वस्तुतः जुनाच आहे. तो म्हणजे आज्ञा आणि मजकूर मुळात एका ओळीत कालवूच नयेत. युनिक्सच्या गाभ्यात ही सोय प्रथमपासून आहे. तेथे नव्या आज्ञावलीला तिचे शब्द सुट्यासुट्या यादीच्या रूपाने देता येतात, मग कोणालाही ओळ फोडण्याचे कारण उरत नाही. २००४ मध्ये पायथॉन भाषेच्या २.४ आवृत्तीत इतर आज्ञावल्यांना हाक मारण्याचे जे नवे साधन आले, त्यातही अशी यादी देण्याची रीत आहे. एसक्यूएलमध्ये आज्ञा आधी पाठवून ठेवावी, नावाची जागा मोकळी सोडावी आणि नाव मागाहून स्वतंत्रपणे पाठवावे, अशी व्यवस्था आहे. अशा संदेशवहनात कित्येकदा प्रत्येक मजकुरापूर्वी त्याची लांबी आकड्याने दिलेली असते. म्हणजे हॉलरिथची मोजणीच परत आली. फरक इतकाच की आता मोजणारा मनुष्य नसून यंत्र आहे आणि यंत्राला मोजण्याचा कंटाळा नाही.

तथापि सर्व संकट टळले असे मात्र नाही. एप्रिल २०२४ मध्ये रस्ट या नव्या भाषेच्या चालकांनी एक गंभीर दोष जाहीर केला. विंडोज यंत्रणेत नव्या आज्ञावलीला शब्दांची यादी नव्हे, तर एक अखंड ओळच दिली जाते आणि ती फोडण्याचे काम ज्याचे त्याने करावयाचे असते. तेथील बॅच प्रकारच्या आज्ञावल्या वाचणारा शेल ती ओळ स्वतःच्या निराळ्या नियमांनी फोडतो. त्यामुळे रस्टला सुट्या यादीने दिलेला मजकूरही शेवटच्या टप्प्यावर आज्ञा बनू शकत होता. रस्टबरोबर इतरही काही भाषांत तोच दोष निघाला. पाठविणाऱ्याने कितीही काळजी घेतली, तरी शेवटचा वाचक कोणत्या नियमाने वाचणार हे ठाऊक असल्याशिवाय निरोप सुरक्षित नाही, हा त्यातील धडा आहे.

हा सारा इतिहास पाहिल्यावर मला वाटते, अवतरणचिन्ह हे एक वचन आहे. हे शब्द माझे नाहीत, मी ते जसे मिळाले तसे पोचवीन, त्यांत भर घालणार नाही की त्यांतून काही कापणार नाही, असे ते वचन आहे. ते मोडले की कधी दुसऱ्याची आज्ञा आपल्या तोंडून निघते, तर कधी एखाद्या मुलीचे नाव वाटेत तुटते. दोष नावात नसतो. तो निरोप्याच्या हलगर्जीपणात असतो. त्या वडिलांना आज मी हेच सांगेन.

त्या नव्या मुलाच्या प्रसंगानंतर मी शुद्धलेखन सांगण्याची रीत बदलली. उतारा तोंडाने सांगतो आणि विरामचिन्ह आले की काही न बोलता फळ्यावर काढून दाखवितो. शब्दांची वाट निराळी, आज्ञेची वाट निराळी. तेव्हापासून वहीत 'पूर्णविराम' हा शब्द आला तर तो विरामचिन्हांवरील उताऱ्यातच येतो. आणि तेथे तो अवतरणचिन्हांत असतो की नाही, हे मी आवर्जून तपासतो.